नवीन पान फाटतच नव्हतं: ताईच्या मॉन्स्टेराची पूर्ण केस

ताईचा मेसेज आला तो असा: "अगं याचं नवीन पान परत साधंच आलंय, एकही कट नाही, आणि खालची दोन पिवळी पडली, काय करू?" सोबत फोटो. फोटोत मॉन्स्टेरा डेलिसिओसा, मोठ्ठी कुंडी, त्यातून लांबलचक देठ चारी दिशांना पसरलेले आणि टोकाला तळहाताएवढी हृदयाच्या आकाराची पानं. मोठ्या मॉन्स्टेराच्या पानांना कडेपासून आत खोल कट असतात, त्यामुळे ताईचं हे झाड ज्याने आधी पाहिलं नसेल तो म्हणेल हा मॉन्स्टेराच नाही.

ही केस सविस्तर लिहितेय कारण यात जवळपास सगळ्या चुका एकापाठोपाठ एक झाल्या, त्यातली एक माझी स्वतःची, आणि प्रत्येक चूक त्या वेळी अगदी बरोबर वाटत होती. शिवाय या झाडात योगायोगाने एक तुलना पण करता आली, ती शेवटी येईल.

आधी झाडाचा इतिहास. ताईकडे झाड चार वर्षांपासून आहे. पहिली जवळजवळ तीन वर्षं ते पूर्वेच्या खिडकीशी होतं. मग हॉलमधलं सामान हललं आणि भाओजींनी झाड सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात नेलं, खिडकीपासून साडेतीन मीटरवर. तिथे दिसायला खरंच छान दिसत होतं. मी ताईला म्हटलं तुझ्या फोनमधले झाडाचे जुने फोटो तारखेसकट पाठव, आणि नंतर तिच्याकडे गेले तेव्हा प्रत्येक पान टेपने मोजलं आणि फोटोंशी जुळवून कुठलं पान कधी आलं ते लावलं. खिडकीशी असताना आलेलं शेवटचं पान ३१ सेंमी लांब, दोन्ही बाजूंचे मिळून ६ कट. कोपऱ्यात गेल्यावर आलेली चार पानं ओळीने २८ सेंमी आणि ४ कट, २३ सेंमी आणि १ कट, १९ सेंमी आणि शून्य, १६ सेंमी आणि शून्य. देठ मात्र उलटे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब. चौदा महिन्यांत झाड उलट्या पावली बालपणाकडे चाललं होतं असंच म्हणावं लागेल, कारण मॉन्स्टेराची लहानपणीची पानं अशीच असतात, अख्खी, बिनफाटलेली.

आता माझी चूक. यातलं तिसरं पान आलं तेव्हाच ताईने मला फोन केला होता. मी झाड न बघता, कुठे ठेवलंय हे पण न विचारता, सांगून मोकळी झाले की खत कमी पडत असेल, दर पंधरा दिवसांनी लिक्विड खत दे. तिने दिलं, मनापासून दिलं. दोन महिन्यांत पानांची टोकं तपकिरी झाली आणि मातीवर पांढरा थर आला, म्हणजे झाडाने न घेतलेले क्षार तसेच साचत गेले. खत म्हणजे अन्न नाही हे मला माहीत असायला हवं होतं आणि माहीत होतंही, पण पान लहान म्हटलं की तोंडात पहिला शब्द खतच येतो. झाड आपलं अन्न उजेडातून बनवतं, खतातून फक्त त्याला लागणारी खनिजं मिळतात, आणि उजेडच नसेल तर ती खनिजं घेऊन ते करणार काय.

त्यानंतर कुणीतरी तिला सांगितलं की मुळांना जागा कमी पडतेय, कुंडी मोठी कर. ८ इंचाच्या कुंडीतून झाड थेट १४ इंचात गेलं. हा फरक ऐकायला फार मोठा वाटत नाही पण कुंडीचा आकार तसाच धरला तर १४ भागिले ८ चा घन, म्हणजे पाचपटीहून जास्त माती. मुळं तेवढीच. म्हणजे पाचातले चार भाग माती अशी की जिच्यातलं पाणी प्यायला कुणीच नाही, ती ओली होते आणि ओलीच राहते. शिवाय निचरा व्हावा म्हणून तळाशी दोन इंच खडीचा थर दिला होता. हा थर मी पण वर्षानुवर्षं देत आलेय, नंतर समजलं की त्याने उलटंच होतं. बारीक माती पाणी धरून ठेवते, आणि खाली एकदम मोठ्या फटी आल्या की पाणी त्या फटींमध्ये सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण गच्च भरेपर्यंत तिथेच अडकून राहतं. म्हणजे जो चिखलाचा थर तळाशी असायचा तो दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

आणि पाणी दर रविवारी एक लिटर. हा नियम खिडकीशी असतानाचा होता आणि तिथे तो बरोबर होता.

मी गेले तोपर्यंत चार पानं पिवळी झाली होती, एकावर मधोमध काळपट डाग आणि त्याला पिवळी कड, आणि झाड मलूल. ताई म्हणाली, "मान टाकलीय म्हणजे तहान लागलीय, म्हणून मी बुधवारी पण थोडं पाणी घालायला लागले." मी लाकडी काडी मातीत खोल घातली, वरचा इंचभर कोरडा, त्याखाली काडी काळी आणि ओली बाहेर आली आणि तिला वास होता, कुजकट, साचलेल्या गटारासारखा. तेव्हाच समजलं की आत काय झालंय.

पण कुंडी उलटायच्या आधी मी एक गोष्ट केली आणि मला वाटतं या सगळ्यात तीच सर्वात उपयोगाची होती, फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं ॲप असतं ते लावून उजेड मोजला. फोनचा सेन्सर काही अचूक यंत्र नाही, आकडा इकडेतिकडे होतो, पण दोन जागांमधला फरक दाखवायला पुरेसा आहे. सकाळी ११ वाजता पूर्वेच्या खिडकीशी, पातळ पडद्यामागे, ७००० च्या आसपास. सोफ्याच्या कोपऱ्यात, पानाच्या उंचीवर, २००. ताईचा विश्वासच बसेना, म्हणाली, "अगं इथे तर मी पेपर वाचते!" आणि ती खरंच वाचते, कारण आपला डोळा कमी उजेडाला जुळवून घेतो, बाहुली मोठी होते आणि आपल्याला खोली उजळ वाटते. झाडाला तशी सोय नाही. सातहजाराच्या जागी दोनशे म्हणजे पस्तीस भागांतला एक भाग उजेड. बाहेर स्वच्छ उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो हे सांगितल्यावर तिला अंदाज आला.

इथे सगळी साखळी उलगडते. उजेड कमी म्हणून झाडाची वाढ कमी, पानांतून बाहेर जाणारं पाणी कमी, म्हणून मुळं मातीतून पाणी ओढणार कमी, पण रविवारचा लिटर तसाच, वरून मोठी कुंडी, म्हणून माती कधी वाळेचना. मातीच्या बारीक फटींत हवा असते आणि मुळांना ती लागते, त्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी त्यांच्यावर बसते. मुळं मेली की पाणी वर जात नाही, म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं. आणि आपण आणखी पाणी घालतो. ताईने प्रत्येक पाऊल प्रेमानेच उचललं होतं पण सगळी पावलं कुंडीत, आणि मूळ अडचण कुंडीच्या बाहेर.

कुंडी उलटली. माती साधी बागेतली, जड, चिकट. धुवून काढली तर आत एक नाही, तीन वेली. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, नर्सरीत कुंडी भरगच्च दिसावी म्हणून दोन-तीन रोपं एकत्र लावलेली असतात आणि आपण वर्षानुवर्षं ते एकच झाड समजतो. ताई तर थक्कच झाली. आम्ही त्यांना तिथल्या तिथे नावं दिली, थोरली, मधली, धाकटी, आणि पुढे सगळं त्याच नावांनी सांगते. वर दिलेली पानांची मापं सगळी थोरलीची, कारण फोटोत सगळ्यात पुढे तीच असायची. बाकी दोघींचीही पानं लहानच होत गेली होती, फक्त त्यांची तारीखवार नोंद नाही.

मुळं तपासताना रंगावर जाऊ नका, बोटाने दाबून बघा. जिवंत मूळ टणक लागतं, मग ते पांढरं असो की मातीने तपकिरी झालेलं. मेलेलं मूळ लिबलिबीत लागतं आणि हलकं ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. थोरलीची सगळी मुळं अशी निघाली, वर खोडही मातीपासून पाच-सहा सेंमीपर्यंत मऊ पडलेलं. मधलीची साधारण निम्मी मुळं चांगली. धाकटीची थोडी जास्त. आता मला कळलं की वर चार पानं पिवळी आणि बाकीची बरी असं का दिसत होतं, ती चारही थोरलीची होती.

आणखी एक सापडलं. तिन्हींच्या खोडांवर पेरापेराशी वाळलेले खुंट होते. विचारलं तर ताई म्हणाली, "ती दोऱ्यांसारखी मुळं बाहेर यायची ना, एक तर सोफ्याच्या मागे भिंतीपर्यंत गेलं होतं, वाईट दिसतात म्हणून मी कापत होते." ती हवाई मुळं. मॉन्स्टेरा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामा या पट्ट्यातल्या दमट जंगलांतला, अळूच्या कुळातला वेल. तिथे तो जमिनीवर रुजतो, सरपटत एखाद्या झाडापर्यंत पोचतो आणि मग खोडाला हवाई मुळांनी घट्ट धरून वर चढतो. याच्याच एका भाऊबंदावर कोस्टा रिकात झालेला अभ्यास १९७५ मध्ये छापून आला होता, त्यात दिसलं की कोवळी रोपं उजेडाकडे जायच्या ऐवजी अंधाराकडे सरपटतात, कारण जंगलात जमिनीवरून सगळ्यात काळं दिसतं ते जाड झाडाचं खोड. एकदा खोड मिळालं की मग वर, उजेडाकडे. हे वाचल्यापासून मला या कुळातल्या वेलींकडे बघायची नजरच बदलली. म्हणजे ही झुडुपं नाहीत, ह्या चढणाऱ्या वेली आहेत, आणि चढायला काही मिळालं की त्यांचं पान मोठं होत जातं. मनी प्लांट ज्यांनी झाडावर चढलेला पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको, खिडकीत लोंबणारं बोटभर पान आणि झाडावरचं हातभर पान एकाच वेलीचं असतं. ताईचा मॉन्स्टेरा चार वर्षं शोधत होता आणि जे शोधत होता ते सापडायच्या आत त्याची मुळंच कापली जात होती.

उपचार. थोरलीचा बुंधा गेलेलाच होता, म्हणून खालून वर कापत गेले, प्रत्येक वेळी सुरी स्पिरिटने पुसून, खोडाचा काप आतून स्वच्छ फिकट हिरवा दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर. उरलं ते दोन तुकडे, एक शेंडा, तीन पानं आणि दोन पेरं असलेला, आणि एक मधला तुकडा, एक पान आणि एक पेर. पेर हवंच, नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवलं तर महिनोन्महिने हिरवं राहील, कदाचित मुळं पण फुटतील, पण नवीन कोंब कधीच येणार नाही कारण कोंबाचा डोळा पेरावर असतो. कापताना हातमोजे घाला, मी घातले नव्हते आणि दोन तास मनगटं खाजत होती, अळूसारखेच याच्या रसात सुईसारखे बारीक खडे असतात. मांजर किंवा कुत्रा पानं चावत असेल तर त्यांच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, म्हणून घरात प्राणी किंवा रांगतं मूल असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून दूर हवं.

शेंडा आणि तुकडा दोन्ही अर्धा दिवस तसेच कोरडे ठेवून काप सुकू दिला, मग ओलसर स्फॅग्नम मॉसमध्ये (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवले. मधला तुकडा दहा दिवसांत काळा पडून गेला. कदाचित त्यात आधीच कूज शिरलेली होती आणि मला दिसली नाही, मी आणखी दोन सेंमी कापायला हवं होतं पण पेर वाचवायच्या नादात थांबले. शेंड्याला पाचव्या आठवड्यात मुळं धरली.

मधली आणि धाकटी यांची मेलेली मुळं कापली, बाकी नळाखाली धुतली, आणि प्रत्येकीला ७ इंचाची वेगळी कुंडी. उरलेल्या मुळांच्या गोळ्यापेक्षा कुंडी चारी बाजूंनी दोन बोटं मोठी, बास. ताईला इतकी लहान कुंडी बघून वाईट वाटत होतं, आजारी माणसाला लहान खोली दिल्यासारखं, पण कमी मुळं असलेल्या झाडाला लवकर वाळणारी माती हवी आणि ती लहान कुंडीतच मिळते. मिश्रण साधारण एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (पांढरे हलके खडे), एक भाग झाडाच्या सालीचे तुकडे, वर मूठभर कोळशाचे तुकडे. प्रमाणावर भांडायची गरज नाही, पाणी ओतल्यावर ते काही सेकंदांत खालून बाहेर आलं पाहिजे आणि मूठभर मिश्रण दाबून सोडलं की ते परत मोकळं झालं पाहिजे, एवढं बघायचं. खडीचा थर नाही. खत दोन महिने बंद.

जागा, पूर्वेच्या खिडकीपासून ६० सेंमी, पातळ पडदा कायम. एवढ्या अंधारातून एकदम उघड्या उन्हात नेलं असतं तर पानं भाजली असती, म्हणून पहिले दहा दिवस थोडं मागे, दीड मीटरवर, मग हळूहळू पुढे. आणि पानांवरची धूळ ओल्या कपड्याने पुसली, कोपऱ्यात राहून इतकी बसली होती की कपडा काळा झाला.

पाण्याचा रविवार बंद केला, त्याच्या जागी वजनकाटा. हे ऐकायला अति वाटेल पण ताईसारख्या माणसाला, ज्याला नियम लागतो, त्याला "माती बघून दे" हे सांगून काही होत नाही. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर कुंडी २.४ किलो, आणि काडी खोलवर जवळजवळ कोरडी येते तेव्हा १.५ किलो. दीडच्या वर असेल तर पाणी नाही, मग आठवडा होवो की पंधरवडा. तिने वहीत लिहून ठेवलं, लख्ख उजेडाच्या आठवड्यात ७ दिवसांत दीडवर यायचं, ढगाळ आणि थंड दिवसांत १३ दिवस लागायचे. एकच झाड, एकच कुंडी, एकच खिडकी आणि तरी पाण्याचा दिवस दुपटीने मागेपुढे. दोन महिन्यांनी तिला काट्याची गरजच उरली नाही, कुंडी उचलली की हाताला कळायला लागलं.

पोलचा भाग. मॉस पोल आमच्याकडे एकच होता, प्लॅस्टिकच्या जाळीची नळी करून त्यात ओला मॉस भरलेला, ९० सेंमी उंच. तो मधलीला दिला, तिसऱ्या महिन्यात, मुळं जरा सावरल्यावर. धाकटीला दुसरा करू म्हटलं आणि ते राहून गेलं. त्या राहून जाण्यातूनच पुढची तुलना मिळाली.

पोलला बांधताना मॉन्स्टेराला पुढची आणि मागची बाजू असते हे बघायचं. खोडाच्या ज्या बाजूने हवाई मुळं निघतात ती मागची, ती पोलला चिकटवायची, पानं ज्या बाजूला तोंड करतात ती खिडकीकडे. बांधायचं ते खोड, देठ कधीच नाही, देठाला फिरायला मोकळीक लागते, पान जिथे देठाला जोडलेलं असतं तिथे एक जाडसर सांधा असतो आणि त्यावरून पान उजेडाकडे वळतं. मऊ कापडी पट्टीने सैल गाठ. आणि पोल ओला ठेवायचा, हे लोक विसरतात, कोरडा पोल म्हणजे नुसती काठी, ती पण चालते म्हणा, झाडाला आधार मिळतो, पण मुळं आत शिरतात ती ओलाव्यासाठी. ताई दोन दिवसाआड वरून हळूहळू पाणी सोडायची, कुंडीत उतरणार नाही इतपत. सहाव्या आठवड्यात पहिलं हवाई मूळ जाळीतून आत गेलं, तिने त्याचा जवळून फोटो पाठवला आणि लिहिलं, "धरलं गं." तेच मूळ जे ती आधी कात्रीने कापायची.

आता निकाल, आणि तो लगेच आला नाही. सगळं बदलल्यावर सात आठवड्यांनी मधलीला पहिलं नवीन पान, १५ सेंमी, एकही कट नाही. ताईचा आवाजच पडला. पण हे असंच व्हायचं होतं. मॉन्स्टेराचं पान उघडतं तेव्हा त्याची गोष्ट आधीच लिहून झालेली असते. भोकं कुणी पाडत नाही आणि वाऱ्याने पान फाटतही नाही, पान शेंड्याच्या आत अगदी चिमुकलं असताना काही ठिकाणच्या पेशी ठरवून मरतात, तिथे बारीक टिपके पडतात, आणि पान वाढत जातं तशी ती भोकं वाढतात, कडेजवळची भोकं कडेला फुटून मिळाली की ते कट दिसतात. म्हणजे ते पहिलं पान कोपऱ्यातल्या अंधारात घडलेलं होतं, खिडकीत फक्त उघडलं. त्याच कारणाने जुनी साधी पानं पुढे कधीच फाटणार नाहीत, ताई हा प्रश्न मला निदान पाच वेळा विचारून झालीये. ती पानं कापायची पण गरज नाही, हिरवी आहेत तोवर ती झाडाला खायला घालतायत.

पुढची मधलीची पानं चौदा महिन्यांत अशी आली: १७ सेंमी आणि शून्य कट, २१ आणि १, २६ आणि ४, ३० आणि ७, ३५ आणि ९, आणि या शेवटच्या पानात मधल्या शिरेच्या कडेला दोन छोटी भोकं, जी ताईकडे चार वर्षांत कधीच आली नव्हती. दोन पेरांमधलं अंतर पण कमी झालं, देठ आखूड, झाड घट्ट दिसायला लागलं. खत तिसऱ्या महिन्यापासून परत सुरू केलं, लेबलवर लिहिलंय त्याच्या निम्म्या तीव्रतेचं, महिन्यातून एकदा, थंडीत नाही. तेच खत जे आधी पानांची टोकं जाळत होतं.

आणि धाकटी. तीच खिडकी, मधलीच्या शेजारी हातभर अंतरावर, तेच मिश्रण, तीच ७ इंचाची कुंडी, वजनकाट्याचा तोच नियम, खत तेच, सुरुवातीची पानं पण जवळपास तेवढीच. फक्त पोल नाही. तिची पानं १५, १७, १९, तिन्ही बिनकटाची, मग २२ आणि १ कट, २३ आणि २ कट, आणि शेवटचं २२ आणि १ कट. म्हणजे उजेडाने ती पण सुधारली, हिरवीगार आहे, एकही पान पिवळं नाही, पण २३ च्या आसपास येऊन अडकली. पाचव्या पानानंतर खोड कुंडीच्या काठावरून बाहेर झुकलं आणि शेंडा खाली वळला, आणि पान परत लहान झालं ते नेमकं त्यानंतर.

याचा अर्थ किती ताणायचा? दोनच झाडं आहेत, मधलीची मुळं सुरुवातीला धाकटीपेक्षा कमी होती, दोघी बियांपासून आलेल्या वेगवेगळ्या असू शकतात, म्हणजे एकीचा स्वभावच मोठ्या पानाचा असेल. यावरून पोलने एवढे सेंटिमीटर वाढतात असं सांगता येणार नाही. पण कमी मुळं असलेली पुढे गेली आणि जास्त मुळं असलेली मागे राहिली हे मला फार बोलकं वाटतं. माझा क्रम आता पक्का आहे, आधी उजेड, तो नसेल तर पोलला काही अर्थ नाही, मग मुळांना हवा, मग चढायला काहीतरी, आणि खत सगळ्यात शेवटी. कुणी मला पान लहान येतंय म्हणून विचारलं तर पहिला प्रश्न "खिडकीपासून किती लांब?" हाच असतो, आणि दुसरा "झाड चढतंय की लोंबतंय?"

भाओजींना सोफ्याजवळचा कोपरा रिकामा बघवत नव्हता. त्यांचंही बरोबर होतं, घर फक्त झाडांसाठी नसतं. तिथे वाढीचा एलईडी दिवा लावून बघितला, पानांच्या वर अर्ध्या मीटरवर, दिवसाला १२ तास टायमरवर, आणि थोरलीचा जो शेंडा मॉसमध्ये मुळं धरून उभा राहिला होता तो मी चार महिन्यांनी परत ताईकडे दिला, तो आता तिथे आहे, स्वतःच्या पोलवर. दोन पानं आली आहेत, १८ आणि २२ सेंमी, दुसऱ्यात एक कट. खिडकीएवढं जोमदार नाही पण उलट्या दिशेने तरी जात नाही.

गेल्या महिन्यात धाकटीला पण पोल लावला. मधली आता पोलच्या टोकाला पोचली म्हणून तिच्यावर दुसरी जाळीची नळी चढवायची होती, मॉस भिजवलेलाच होता, त्यातूनच एक जास्तीची केली. धाकटीचं झुकलेलं खोड एकदम सरळ केलं असतं तर मोडलं असतं, म्हणून तीन आठवडे रोज थोडी थोडी पट्टी आवळत नेलं, आता शेंडा वर बघतोय. काल ताईने फोटो पाठवला, नवीन पान निघालंय, अजून गुंडाळीतच आहे, पेन्सिलीसारखं, टोकाला पाण्याचा एक थेंब. हे पान पोल लावायच्या आधीच आत घडलेलं असणार त्यामुळे याच्यावर आशा ठेवू नकोस असं मी तिला लिहिलं, याच्या पुढचं मोजू. तिने टेप खिडकीतच ठेवलीये.